बोळक्या कुत्र्याचा चावा

१

कुत्र्याचं तोंड उघडलं आणि आमची केस त्यात गडप झाली.

उघडलं ते मालकाने. भरपाई अधिकाऱ्यांच्या टेबलाशेजारी कुत्रा मुकाट बसला होता. तपकिरी, खांद्याने दांडगा, एक कान फाटलेला. बंगल्याचे मालक स्वतः वाकले, दोन बोटांनी त्याचा ओठ वर केला आणि सगळ्यांना दिसेल असं तोंड फिरवलं. वरचे दोन, खालचे दोन, चारही सुळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत हिरडी.

“साहेब, याला पाव दुधात कुस्करून द्यावा लागतो,” मालक म्हणाले. “दात पडून वर्षं झाली. हा कुणाचा हात फोडणार?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या शेजारी काका बसले होते, ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. तळहाताला दोन आणि मागे दोन, अशी चार खोल भोकं भरून आल्याच्या खुणा होत्या, आणि अंगठा खिळ्याला टांगल्यासारखा लोंबत होता.

या काकांना गावात सगळे कवळीकाका म्हणतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि काका कवळ्या करतात, म्हणजे करत होते. मेण कोरायला अंगठा लागतो. माणूस असा की चारचौघांत गेला की आधी लोकांची तोंडं बघणार. रस्त्यापलीकडे एखादी बाई हसली की हळूच म्हणणार, ती माझी. तिथे नवऱ्यालाही माहीत नसायचं की बायकोचे दात खोटे आहेत.

मी आमच्या वकीलबाईंसाठी चौकशा करते. पोलीस नाही, हेर नाही, लोकांच्या घरी जाऊन चहा पिणारी आणि नको ते विचारणारी बाई. कुत्रा चावल्याच्या भरपाईचा मामला तसा सरळ असतो. कुत्रा कुणाचा, तो चावरा आहे हे मालकाला ठाऊक होतं का, आणि माणसाने त्याला डिवचलं होतं का. ही उत्तरं आपल्या बाजूची असली की औषधपाणी, बुडालेलं काम, पुढचं ऑपरेशन, सगळं मालकाच्या बोडक्यावर. पण ज्याला सुळेच नाहीत त्याच्यासाठी हे प्रश्न विचारायचे कशाला? मालकांचं म्हणणं होतं की काका त्यांच्या आईच्या कवळीचं माप घ्यायला आले हे खरं, पण चावलं ते फाटकाबाहेर, रस्त्यावरचं कुत्रं. आणि बंगला बघून काकांना हाव सुटली.

तेवढ्यात काकांचा मुलगा उठला. तो स्वतः दातांचा डॉक्टर, बापाच्या कवळ्यांवर शिकलेला. “माझे वडील खोटं बोलत नाहीत, हे मी इथेच लिहून देतो,” असं तो इतक्या जोरात म्हणाला की शिपायाला त्याला बसवावं लागलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, घरचं माणूस तरी मागे उभं आहे.

अधिकाऱ्यांनी आमच्या बाजूने जनावरांच्या डॉक्टरला कुत्रा तपासू द्यायला परवानगी दिली आणि पुढची तारीख ठेवली. बाहेर आल्यावर काकूंनी काकांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. त्या कुणाशी फार बोलत नाहीत. काका खाली मान घालून उभे होते, बटण लावून घेणाऱ्या लहान मुलासारखे.

सर्जनने सांगितलं होतं की अंगठ्याची शीर लवकर जोडली तर जोडली, नाहीतर तो तसाच राहील. काकांची मिळकत त्या अंगठ्यात होती. केस गेली तर अंगठा गेला, आणि वर गावभर लबाड म्हणून नाव झालं असतं ते वेगळंच.

काकांना विचारलं, कुत्रा तोच ना? ते म्हणाले, “तोच. फाटका कान मी विसरेन का? आणि ताई, त्या दिवशी त्याला दात होते.”

२

जनावरांचे डॉक्टर आणि मी बंगल्यावर गेलो तेव्हा मला वाटलं होतं, मालक आडवे येतील. कसलं काय. गॅरेज उघडून दिलं, कुत्रा बांधून दिला, वर म्हणाले, हवं तितकं बघा. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. या माणसाच्या मनात भर दुपारचं ऊन होतं. ते मला खटकलं, पण तेव्हा नुसतं खटकलंच.

डॉक्टरांनी बोट फिरवलं, बॅटरी मारली, पुन्हा बोट फिरवलं. फाटकाबाहेर आल्यावर रुमालाला हात पुसत म्हणाले की म्हातारपणाने कुत्र्याचे दात जातात तेव्हा पुढचे बारके आधी जातात. सुळे सगळ्यात शेवटी, कारण त्यांचं मूळ सगळ्यात खोल. याचे बारके दात जागच्या जागी आहेत आणि दाढा दगडासारख्या. फक्त सुळे नाहीत.

“पडले नाहीत, ताई. काढलेत. अलीकडेच.”

मी विचारलं, तुमच्यापैकी कुणी? त्यांनी मान हलवली. सुळ्याचं मूळ बाहेरच्या दातापेक्षा लांब आणि वाकडं असतं. जनावरांचा डॉक्टर आधी बाजूचं हाड कोरतो, मग दात काढतो. इथे कुणीतरी सरळ चिमट्यात धरून हलवून हलवून उपसलेत, आणि त्यात एका बाजूचं हाड चिरलंय. माणसाचे दात असे काढतात.

“टाके मात्र सुरेख घातलेले असणार, हिरडी छान मिळून आलीय,” ते म्हणाले. “हात शिकलेला आहे. फक्त कुत्र्यावर शिकलेला नाही.”

हे सगळं सुनावणीत सांगाल का, असं विचारल्यावर ते लगेच हो म्हणाले. म्हणजे आमची केस पुन्हा उभी राहिली होती. मी खुशीतच परत निघाले, तर बंगल्याच्या बाजूच्या खिडकीतून कुणीतरी हाताने खुणावलं.

३

त्या मालकांच्या आई. ज्यांच्या कवळीसाठी काका आले होते त्या. मोलकरणीने मला मागच्या दाराने आत घेतलं. आजींची खोली लहान आणि स्वच्छ होती, उशाशी औषधांचं खोकं, आणि गाल पार आत गेलेले.

“या घरात आता बोळकी दोन,” आजी म्हणाल्या. “एक मी, एक तो. दोघांना एकच जेवण. बाजारात माझ्या नावाची तीन मजली इमारत आहे हो, आणि खायला मिळतो दुधातला पाव.”

त्यांना सगळं आठवत होतं. कुत्र्याला दात होते, चावायची खोड होती, दूधवाल्यालाही एकदा धरला होता. काकांची किंकाळी त्यांनी याच खोलीत ऐकली, ती पोर्चमधून आली, फाटकाबाहेरून नाही. मग एके दिवशी त्यांच्या झोपेच्या गोळ्या नाहीशा झाल्या. त्या दुपारी गॅरेजचं दार आतून बंद होतं, आणि संध्याकाळी कुत्रा लाळेतून रक्त गाळत कोपऱ्यात पडला होता. कोण आलं होतं ते त्यांनी पाहिलं नाही. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, आई, तुला भास होतात.

मी म्हटलं, आजी, हे तुम्ही साहेबांसमोर सांगाल?

त्यांनी पांघरुणाची कड चोळली. मग म्हणाल्या, “ताई, मला याच घरात मरायचंय.”

मी उठले. त्यांनी मला थांबवून उशीखालून रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक गुलाबी तुकडा होता, कवळीच्या हिरडीचा असतो तसाच रंग, आकार मात्र पाचरीसारखा, एका टोकाला जाड. कुत्र्याच्या अंथरुणात मोलकरणीला सापडला म्हणे.

“कवळीकाकांनी माझी कवळी एवढीच पाठवली का, विचारा. मी घालून बघितली. बसत नाही मेली.”

हसावं की रडावं कळेना. तुकडा हातात घेतला. त्याच्या दोन्ही बाजूंना खोल खड्डे पडले होते, आणि बारीक टोकाला एक भोक होतं. भोकात काळा दोरा, तिहेरी वळलेला, कुरतडून तुटलेला, पण गाठ शाबूत.

४

काकांचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले, प्रत्येकावर पेन्सिलने खूण. मेण वितळवायचा दिवा बंद होता आणि सगळ्यावर पांढरी धूळ बसली होती. काकू उंबऱ्यात बसून काकांसाठी फळाच्या फोडी करत होत्या.

मी आजींचा निरोप जसाच्या तसा सांगितला, तुकडा कुत्र्याच्या अंथरुणात सापडला तेही सांगितलं. वाटलं होतं काका हसतील. त्यांनी तुकडा डाव्या हातात घेतला, उजेडाकडे धरला, बोटाने कड चाचपली. मग चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

“नाही ओळखत,” ते म्हणाले.

मी विचारलं, कवळीचाच भाग आहे का? ते म्हणाले, नसावा. कुणाचं काम असेल? माहीत नाही. मग अगदी सहज म्हणाल्यासारखं, “इथेच ठेवून जा. बघतो सावकाश.” मी म्हटलं, नको, पुरावा आहे, माझ्याजवळच बरा. तुकडा परत घ्यायला गेले तर त्यांनी तो लगेच सोडला नाही. मला हलकेच ओढून घ्यावा लागला.

उंबऱ्यात सुरीचा आवाज थांबला होता. काकू त्या तुकड्याकडे बघत होत्या. मी बघितलं तशी त्यांनी फोडी पुढे केल्या आणि म्हणाल्या, घ्या ताई.

५

गावात दातांच्या आणखी एक डॉक्टरीण बाई आहेत. त्यांनी तुकडा पाहताक्षणी सांगितलं की हा तोंड उघडं ठेवायचा ठोकळा आहे. पोरं मध्येच तोंड मिटतात, म्हणून मागच्या दाढांमध्ये बसवायचा. त्या स्वतः तयार मिळणारा रबरी वापरतात. हा मात्र हाताने केलेला, कवळीच्याच मसाल्याचा, आणि असली सफाई करणारा माणूस त्यांना एकच ठाऊक होता. पेशंटने गिळू नये म्हणून भोकातून दोरा बांधून तोंडाबाहेर ठेवतात. खड्ड्यांवरून नख फिरवून त्या म्हणाल्या, “हे काही पोराच्या दाढांचं काम नाही.”

रस्त्यावर आले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. सगळं समोर होतं, फक्त मला ते नको होतं.

कुत्र्याचे सुळे माणसांच्या डॉक्टरने काढले. त्याच्याकडे काकांच्या हातचा ठोकळा होता. आणि ज्या माणसाला रस्त्यापलीकडच्या हसण्यात आपली कवळी ओळखू येते, तो हातात धरलेला स्वतःचा ठोकळा ओळखत नाही म्हणाला. काका खोटं बोलले, आयुष्यात पहिल्यांदा बोलत असावेत इतकं वाईट बोलले. मालकाला वाचवायला ते खोटं बोलणार नाहीत. स्वतःच्या अंगठ्यावर पाणी सोडून माणूस कुणाला वाचवतो?

मुलाचा दवाखाना बाजारात पहिल्या मजल्यावर होता. आत शिरताना मी वर पाहिलं. दारावर दगडात इमारतीचं नाव कोरलं होतं, एका बाईचं नाव. बंगल्यातल्या औषधांच्या खोक्यावर मी तेच नाव वाचलं होतं.

डॉक्टरने मला खुर्ची दिली, बाबा कसे आहेत विचारलं. मी ठोकळा त्याच्या ट्रेवर चिमट्यांशेजारी ठेवला. तिथे त्याचे दोन भाऊबंद पडलेच होते, तसेच गुलाबी, तसाच काळा दोरा. तो उठला आणि दार लावून आला.

त्याने नाही म्हटलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. इमारत आजींच्या नावाची, पण कारभार मालकांचा होता. केस लागल्यावर मालकांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, एक तर वडिलांना गप्प कर, नाहीतर खोली रिकामी कर. काका गप्प बसेनात. मग मालकांनी दुसरा मार्ग सुचवला.

“सगळं कर्ज काढून उभं केलंय, ताई. खुर्ची, मशीन, सगळं. सर्जन तर म्हणतच होते की अंगठ्याची खात्री नाही. मी कुत्र्याला सुद्धा दुखू दिलं नाही. आधी गोळ्यांनी झोपवला, मग नीट इंजेक्शन देऊन काढले.”

“बरं केलंस,” मी म्हटलं. “बापाला कुठलं इंजेक्शन दिलंस?”

तो रडायला लागला. मला दया यायला हवी होती, आली नाही. सुनावणीत ताडकन उठून ओरडलेला हाच तो. नाकाने कांदे सोलणारे खूप पाहिलेत मी, पण हे कांदे बापाच्या ताटात पडलेले होते.

जिना उतरताना मालकांच्या मनातलं ते दुपारचं ऊन आठवलं आणि डोकं लख्ख झालं. मालक का घाबरले नाहीत ते कळलं. जनावरांचा डॉक्टर खरं सांगेल हे त्यांना ठाऊक होतं. सांगू दे. सुळे काढलेत म्हटल्यावर पुढचा प्रश्न येणार, कुणी काढले? आणि त्याचं उत्तर काकांच्या घरात. पैसे टाकले असते तर दुसरा डॉक्टर मिळाला असता, पण त्यांना हाच हवा होता. कुत्र्याचं तोंड बोळकं करून काय मिळणार होतं? त्यांना काकांचं तोंड बंद करायचं होतं.

६

काकांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुकडा हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं. “आपलेच दात, आपलेच ओठ, ताई. कुणाला दाखवायचं?” आणि केस मागे घेतो म्हणाले. मी भांडले, अगदी आवाज चढवून भांडले. वकीलबाईंनी मला गप्प केलं. केस त्यांची आहे, म्हणाल्या, आणि लेकही त्यांचा आहे.

तारखेला खोलीत तीच माणसं. मालक घडी न मोडलेल्या कपड्यांत. काकांचा मुलगा मागच्या बाकावर, खाली मान घालून. जनावरांचे डॉक्टर बाहेर थांबले होते, त्यांना बोलावूच नका असं काकांनी सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, स्वखुशीने मागे घेताय? काका उभे राहिले. म्हणाले, हो साहेब. माझाच घोटाळा झाला असेल. कुत्रा दुसराच असेल.

मालकांनी समजूतदारपणे मान हलवली. त्या मान हलवण्याने माझ्या अंगाची आग झाली.

“ताई,” काकू म्हणाल्या, “तुमच्या पिशवीत आहे ना ते, बाहेर काढा.”

त्या उठून टेबलापर्यंत आल्या होत्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं, पण धरलं उजव्या हाताने, सवयीने. त्या हातात पकड कुठे होती? मनगट सुटलं. मी ठोकळा टेबलावर ठेवला.

“साहेब, हा यांनी केलाय आणि दोरा मी ओवलाय. तिहेरी वळून, दोन गाठी. पोरांच्या घशात जाऊ नये म्हणून मीच ओवते. आमच्या घरून हे ठोकळे एकाच ठिकाणी जातात. आमच्या मुलाकडे. आणि हा त्या कुत्र्याच्या अंथरुणात सापडलाय.”

“तिला काही कळत नाही,” काका ओरडले. “साहेब, ती खोटं बोलतेय.”

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला चारचौघांत असं कधी म्हटलं नसेल. काकूंनी वळून बघितलं नाही. त्या अधिकाऱ्यांनाच म्हणाल्या, “यांच्या शर्टाची बटणं मी लावते. रोज लावताना हे भिंतीकडे बघतात. मुलाला वकील मिळेल, साहेब. तो शिकलेला आहे.”

मग जनावरांच्या डॉक्टरांना आत बोलावलं. मागच्या बाकावरून मुलगा आपणहून पुढे आला आणि विचारायच्या आधीच हो म्हणाला. तेव्हाही त्याने बापाकडे बघितलं नाही, बापानेही नाही.

७

केस आम्ही जिंकलो. ऑपरेशन, औषधपाणी, बुडालेलं काम, सगळं मालकांवर बसलं, वर खोट्या पुराव्याचा खटला वेगळा. मालकांनी रक्कम भरताना वकीलबाईंना विचारलं की पावती कुणाच्या नावाने मिळेल. बस, एवढंच. मुलाचा परवाना काढून घेतला. दवाखान्याला कुलूप लागलं, आणि तो दुसऱ्या गावी गेला म्हणतात. कुठे, ते त्याने घरी कळवलेलं नाही.

ऑपरेशनचे टाके काढून बरेच दिवस झाल्यावर मी काकांकडे गेले. दिवा पेटलेला होता, मेणाचा वास येत होता. काका आजींच्या कवळीवर काम करत होते. घेतलेलं काम सोडायचं नाही म्हणून. मला म्हणाले, बसा ताई, आणि अंगठा वाकवून दाखवला. पूर्ण नाही, पण वाकत होता. मला इतका आनंद झाला की मी काकूंना हाक मारली.

काकू आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी कप काकांच्या जवळ ठेवला. काकांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, आणि काकूंचा हात आपसूक तिकडे गेला.

काकांनी तो हात बाजूला केला. जोरात नाही. मेणाची सुरी खाली ठेवली आणि स्वतः बटण लावायला लागले. अंगठा घसरत होता, बटण भोकात शिरत नव्हतं, पुन्हा पुन्हा निसटत होतं. आम्ही दोघी बघत उभ्या होतो. शेवटी ते लागलं. काकांनी सुरी उचलली आणि काकूंकडे न बघता पुन्हा मेण कोरायला घेतलं.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, किती दिवस बोलत नाहीत?

“त्या दिवसापासून,” त्या म्हणाल्या. मग पदराने हात पुसले आणि आत बघत म्हणाल्या, “पण हात आला, बघितलंत ना.”